नेमबाजीचं पहिलं पिस्तूल: उसाचं बिल मोडण्याआधी हा हिशेब करा

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिम्पिकचं कांस्यपदक घेतलं, तेव्हापासून आपल्या तालुक्यांत नेमबाजीचं वारं आहे. त्याच ऑलिम्पिकात मनू भाकरनं पिस्तुलात दोन पदकं घेतली. शाळेच्या पोरापोरींना आता खेळ म्हटलं की कुस्ती-कबड्डीबरोबर नेमबाजीही आठवते. आणि पोरगं क्लबात जायला लागलं की चार-सहा महिन्यांत घरात एक विषय निघतो. "बाबा, स्वतःचं पिस्तूल पाहिजे."

बाप मग चौकशीला लागतो. कुणी सांगतं अमुक जर्मन कंपनीचं घ्या, कुणी सांगतं इटलीचं घ्या. एखादा सांगतो, "माझ्याकडं जुनं आहे, देतो स्वस्तात." उसाचं बिल आलेलं असतं किंवा सोसायटीचं कर्ज निघतं, आणि खेळाडूच्या पाच टक्के आरक्षणातून पोराला सरकारी नोकरी लागेल, ही आशाही मनात असते. या आशेत चूक काही नाही. राही सरनोबत उपजिल्हाधिकारी झाल्या, स्वप्नील रेल्वेत लागला, हे आपण बघितलंय. पण पिस्तूल आणि नोकरी यांच्या मधे मोठी वाट आहे, आणि पैसा सगळ्यात जास्त त्या वाटेवर जातो.

आधी एक घोळ मिटवू. स्वप्नीलचं पदक पिस्तुलाचं नाही, रायफलचं आहे, ५० मीटर थ्री पोझिशनचं. पिस्तुलात आपल्या जिल्ह्याचं मोठं नाव राही सरनोबत. २०१३ ला कोरियातल्या चांगवॉन विश्वचषकात सुवर्ण, २०१८ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण, दोन्ही २५ मीटर पिस्तुलात. दोघांची हत्यारं वेगळी, पण गोळी एकाच जातीची, पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ लाँग रायफल. हीच रिमफायर.

रिमफायर म्हणजे काय, तर या काडतुसाच्या बुडाला जी कड असते तिच्या आत पेटणारी दारू भरलेली असते. पिन मधोमध न बसता त्या कडेवर बसते. बारा बोअरच्या काडतुसाला मधे टोपी असते ना, तशी इथं नसते. म्हणून हे काडतूस पुन्हा भरता येत नाही, एकदा उडालं की संपलं. गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, धक्का कमी, म्हणून नेम शिकायला चांगली. पण कमी धक्का म्हणजे खेळणं नव्हे. ही गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. बांधावर उभं राहून नारळावर नेम धरायचा विचार कुणी करत असेल तर पलीकडच्या शिवारात माणसं राबत असतात, हे आधी बघावं.

आता मुद्द्याचं. ज्यांना पहिलं पिस्तूल घ्यायचंय त्यांनी पहिलं .२२ घेऊच नये, असं माझं मत आहे. पहिलं घ्यायचं ते एअर पिस्तूल, आणि तेही क्लबाच्या पिस्तुलावर निदान सहा महिने घालवल्यावर. १० मीटरचं एअर पिस्तूल .१७७ बोअरचं असतं आणि त्याची ताकद २० ज्यूलच्या बरीच खाली असते. त्या मर्यादेतल्या हवेच्या हत्याराला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. दुकानात ओळखपत्र द्यायचं, नोंद करायची, झालं. .२२ पिस्तुलाला मात्र पूर्ण शस्त्र परवाना लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलिसांची चौकशी, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, सगळं आलं. वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. मग दहावीतल्या पोरासाठी पिस्तूल घ्यायचं म्हणजे कुणाच्या नावावर? बापाच्या नावावर परवाना काढून घरात पोराच्या हातात द्यायचा बेत असेल तर तो डोक्यातून काढा. २१ च्या आतल्या पोरांनी रेंजवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, क्लबाच्या हत्यारावर शिकायचं.

आपल्याकडं बऱ्याच घरांत पीक संरक्षणाची बंदूक आहे. तिच्या परवान्यावर पिस्तूल आणता येतं असं काहींना वाटतं. येत नाही. प्रत्येक हत्याराची वेगळी मंजुरी आणि वेगळी नोंद लागते. शिवाय २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती. मोठ्या पातळीवर खेळणाऱ्या नेमबाजांना जास्त सवलत आहे, पण ती खेळून कमवावी लागते.

गोळीचा खर्च

पिस्तुलाची किंमत एकदाच मोजायची असते, गोळीची रोज. दुकानदार हे सांगत नाही. गोळीचा भाव कंपनीप्रमाणं आणि आयातीप्रमाणं हलतो, पण हिशेबासाठी एका गोळीला २० रुपये धरू. स्पर्धा ६० गोळ्यांची असते. आठवड्यात तीन दिवस सराव, रोज ६० गोळ्या म्हटलं तर १८० गोळ्या, म्हणजे ३,६०० रुपये आठवड्याला. चार आठवड्यांचे १४,४००. वर्षात ४८ आठवडे सराव झाला तर पावणेदोन लाखाच्या आसपास. यात रेंजची फी, गाडीभाडं, स्पर्धेला राहणं-खाणं काही धरलेलं नाही. एअर पिस्तुलाच्या छर्ऱ्याला दोन रुपये धरले तरी हाच सराव दहाव्या भागात होतो. घरच्या हॉलमधे भिंतीवर कागद लावून, पिस्तुलात काही न भरता ट्रिगर ओढायचा सराव तर फुकट. चांगले नेमबाज तो रोज करतात.

फक्त .२२ मधे एक लक्षात ठेवा. रिमफायर पिस्तूल रिकामं उडवलं तर पिन नळीच्या कडेवर आदळते आणि कड चेपते. मग काडतूस नीट बसत नाही, अडकतं. स्पर्धेच्या चांगल्या पिस्तुलांना रिकाम्या सरावाची वेगळी सोय असते. विकत घेताना हे विचाराच.

रेंजचंही बघा. २५ मीटरची, सरकत्या किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेटची रेंज तालुक्याला नाही. पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी अशी मोठी ठिकाणं आहेत. आपल्या गावातून आठवड्यात तीनदा रेंजवर जाणं होणार नसेल, तर घरी कपाटात कुलूपबंद पिस्तूल ठेवून पोराचा नेम सुधारत नाही.

मग .२२ घ्यायची वेळ कधी आली समजायची? पोरगं २१ चं झालंय, एअर पिस्तुलात राज्य पातळीवर गुण सातत्यानं येतायत, प्रशिक्षक म्हणतोय की आता क्लबाचं हत्यार पुरत नाही, आणि वर्षभराच्या गोळ्यांचा पैसा पिस्तुलाच्या पैशाशिवाय बाजूला आहे. या चारही गोष्टी असतील तर पुढं वाचा.

हातात धरून बघायचं

पहिली चाळणी नियमांची. २५ मीटर पिस्तूल, स्टँडर्ड पिस्तूल आणि रॅपिड फायर या तिन्ही प्रकारांत .२२ चं एकच पिस्तूल चालतं. आंतरराष्ट्रीय नियम असा की वजन १,४०० ग्रॅमच्या वर नको, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, आणि ट्रिगर किमान १,००० ग्रॅमचं वजन उचलला पाहिजे. स्पर्धेआधी ट्रिगरला वजन लटकवून तपासतात. दुर्बीण, लाल ठिपक्याची साईट चालत नाही, उघडी लोखंडी साईटच हवी. अमेरिकेत रुगर, ब्राऊनिंग अशी स्वस्त .२२ पिस्तुलं सुरुवातीला घेतात आणि यूट्यूबवर त्यांचे व्हिडिओ भरपूर आहेत. ते बघून इथं शोधाशोध करू नका. त्यांच्यात काही नियमात बसतात, काही बसत नाहीत, आणि इथं त्यांचा सुटा भाग मिळवायचा म्हणजे वनवास. आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर स्वसंरक्षणाचं हत्यार आहे. या तीन स्पर्धांना ते चालत नाही, बोअरच वेगळा.

स्पर्धेत जास्त दिसतात ती जर्मनीची वाल्थर, इटलीची पार्दिनी, स्वित्झर्लंडची मोरिनी, जुन्यांत हॅमर्ली. यातलं कुठलं चांगलं, यावर रेंजवर तासभर भांडण होऊ शकतं. मी त्यात पडत नाही, कारण नावापेक्षा हात महत्त्वाचा. काहींचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढं असतं, पार्दिनी आणि वाल्थर जीएसपीसारखं. वजन पुढं येतं, नळ स्थिर वाटतो. हॅमर्ली २०८ चं मॅगझिन मुठीत असतं, वजन हातावर बसतं. २५ मीटरच्या दुसऱ्या फेरीत टार्गेट तीन सेकंदच समोर येतं. हात खालून वर आणायचा आणि एक गोळी झाडायची, असं पाच वेळा. त्यात नळी जितकी हाताच्या जवळ, खाली, तितकी उडी कमी. हे कागदावर वाचून कळत नाही. रेंजवर दुसऱ्याचं, त्याच्या समोर, पन्नासेक गोळ्या झाडून बघावं लागतं.

मूठ सगळ्यात आधी बघा. लाकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या मापात येतात, डावखुऱ्यासाठी वेगळ्या. पिस्तूल धरलं, डोळे मिटले, हात वर केला आणि डोळे उघडले की साईट टार्गेटच्या सरळ रेषेत पाहिजे. मनगट वाकवून रेषेत आणावं लागत असेल तर मूठ तासून घ्या किंवा बदला. वाढत्या वयाच्या पोराचा हात दोन वर्षांत बदलतो, हेही महागडं पिस्तूल लवकर न घेण्याचं एक कारण.

दुसरं, बिघाड. टोकियो ऑलिम्पिकात मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन फेरीत बिघडलं. दुरुस्तीत वेळ गेला आणि ती १२ वी आली, अंतिम फेरी हुकली. तिच्याबरोबर प्रशिक्षक होते, दुसरी सोय होती, तरी असं झालं. आपल्या पोराचं पिस्तूल बिघडलं तर दुरुस्त करणारा कुठं आहे, फायरिंग पिन आणि मॅगझिन मिळतं का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. आपल्या क्लबात ज्या कंपनीची तीन-चार पिस्तुलं आहेत तीच घेणं शहाणपणाचं, मग ती थोडी कमी नावाजलेली असली तरी चालेल. .२२ ची स्वयंचलित पिस्तुलं गोळीच्या बाबतीतही चोखंदळ असतात. एकाला एका कंपनीची गोळी मानवते, दुसऱ्याला अडकते. म्हणून पहिल्यांदा पेटीभर घेऊ नका, दोन-तीन प्रकारच्या थोड्या थोड्या घेऊन बघा.

जुनं पिस्तूल वाईट नसतं. पहिलं म्हणून मी जुनंच बरं म्हणेन, पण नळीच्या तोंडाची कड, मॅगझिनचे ओठ आणि ट्रिगर प्रशिक्षकाकडून तपासून घ्या. आणि परवान्यावर त्या क्रमांकाची नोंद झाल्याशिवाय ताबा घेऊ नका, "आधी घेऊन जा, कागद मागून करू" म्हणणारा सख्खा मेहुणा असला तरी. बिगरपरवाना हत्याराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. परवाना असतानाही वरातीत हवेत उडवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निवडणुकीचंही ध्यानात असू द्या. आपल्याकडं ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा असं काही ना काही लागलेलं असतं. आचारसंहिता लागली की हत्यारं जमा करण्याच्या नोटिसा निघतात. राष्ट्रीय रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या आणि स्पर्धा खेळणाऱ्या नेमबाजांना यातून सूट मिळू शकते. त्यासाठी सदस्यत्वाचं कार्ड, स्पर्धेची पत्रं आणि परवान्याची झेरॉक्स लावून पोलीस ठाण्यात अर्ज करावा लागतो. नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ही फाईल आधीच तयार ठेवा. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते, नूतनीकरणाची तारीखही त्याच फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.