चिमणी, कावळा आणि राख

बरेच दिवसांत काही लिहिलं नाही, कारण हात काळे होते. खरोखरचे काळे! गेले दोन महिने रात्रीची जेवणं आटोपली की मी लिनोलियमचा तुकडा, कोरण्या, शाई आणि रोलर घेऊन जेवणाच्या टेबलावर बसते. चित्र कोरायचं, शाई फिरवायची, कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीनं घासायचं. प्रेस वगैरे काही नाही. घरातला एक मोठा चमचा कायमचा कामातून गेलाय, हे आईला अजून कळलेलं नाही. (आता कळेल.)

उद्योग असा, की आपल्याकडच्या ओळखीच्या जागा घ्यायच्या आणि त्यात लहानपणच्या गोष्टी सोडून द्यायच्या. झिरो माईलचे घोडे तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाशी शर्यत लावतात. रामटेकहून निघालेला कालिदासाचा ढग बसस्टँडवर पत्ता विचारतो. असं काहीबाही. नातेवाइकांना दिवाळीला एकेक प्रत द्यायची, एवढंच मनात होतं.

मग प्रश्न आला आपल्या खापरखेड्याचा. इथलं काय काढायचं? कोलार-कन्हानचा संगम सुंदर आहे, पण बाहेरच्या माणसाला गावाचं नाव सांगितलं की तो एकच म्हणतो, "हो, ते पॉवर स्टेशनवालं ना?" 1340 मेगावॉटचं केंद्र. लांबून गाव दिसायच्या आधी चिमण्या दिसतात.

चिमण्या! बसल्या जागी हसू आलं. आपल्या भाषेनं चित्र आयतंच करून ठेवलं होतं. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं. मग मी त्या उंच चिमणीलाच चोच आणि पंख दिले, खाली मेणाचं टुमदार घर, दारात भिजलेला कावळा, आणि वर धुराचे गोल गोल ढग. पहिल्या प्रतीत गावाचं नाव उलटं छापलं गेलं, कारण अक्षरं आरशातल्यासारखी कोरावी लागतात हे मी ऐन वेळी विसरले. दुसऱ्यांदा जमलं. सगळ्यांना आवडलं. भाच्यानं तर तिथेच मागून घेतलं.

आत्यानं मात्र चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाई, धूर काढला तू. राख काऊन नाई काढली?"

मी म्हटलं, आत्या, गमतीचं चित्र आहे.

"हो ना. पन पावसात घर वाहून गेलं ते कावळ्याचंच ना? खसाळ्याचा बांध फुटला तवा कोनाचं वाहून गेलं?"

खरं सांगते, तेव्हा रागच आला. दोन महिने डोळे फोडून केलेल्या चित्रात हिला राख हवी! पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

जे आपल्याकडे नसतात त्यांच्यासाठी सांगते. आपल्या देशातल्या कोळशात साधारण 30 ते 40 टक्के राखच असते. वीज तारेतून निघून जाते, राख मागे राहते. थोडी सिमेंटला, विटांना जाते, बाकीची पाण्यात कालवून राखेच्या तलावात. 2022 च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी नांदगावचा राख तलाव पाहिला आणि तिथे राख टाकणं थांबवायला सांगितलं. त्याच वर्षी जुलैच्या पावसात कोराडीच्या केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि ते करडं पाणी लोकांच्या शेतात शिरलं. म्हणजे पाऊस आला आणि काऊचं घर गेलं, ही गोष्ट आपल्या अगदी शेजारी घडली होती, आणि मी ती सोडून चोच काढत बसले होते.

गंमत म्हणजे मूळ गोष्टही एवढी गोडगोड नाही. आजी सांगायची त्यात चिऊ दार उघडायला उशीर लावते तो लावतेच, आणि शेवटी कावळा तापलेल्या तव्यावर बसून भाजतो. आपण मुलांना सांगताना तो तवा काढून टाकला. मीही तेच केलं.

कुणी म्हणेल, घरात लावायच्या चित्रात राख कुणाला हवी? बरोबर आहे. आणि मी काही चिमणीच्या विरुद्ध मोर्चा काढत नाहीये. त्याच केंद्राच्या पगारावर इथली कितीतरी घरं उभी राहिली, मुलं शिकली. मी चित्र कोरते तोही दिव्याच्याच उजेडात. चिमणीचं घर ऊबदार आहे हे खोटं नाही. पण दाराबाहेर कुणी भिजतंय, हेही खोटं नाही.

आणि छापील चित्राची एक वेगळीच जबाबदारी असते असं मला आता वाटतं. भिंतीवरचं एक चित्र एकाच घरात राहतं, छाप मात्र घरोघर जातो. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती इतक्या घरांत गेल्या, की आज डोळे मिटले तरी आपल्याला देवी तशीच दिसते. माझ्या वीस-पंचवीस प्रतींची त्याच्याशी काय तुलना! पण पुण्या-मुंबईच्या, अमेरिकेतल्या भाचरांना खापरखेडा म्हणून कदाचित हेच एक चित्र माहीत असणार. त्यात फक्त धुराचे गोंडस ढग असावेत का?

यावर आपल्या नागपूरकरांकडे फार जुनं उत्तर आहे. मारबत! 1880 च्या दशकापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे. बडग्या दरवर्षी नवा, त्या वर्षी लोकांना ज्यानं छळलं त्याचा. महागाईचा, भ्रष्टाचाराचा. पोट्टे नाचतात, ईडापीडा घेऊन जा म्हणून ओरडतात, आणि शेवटी ते सगळं जाळून टाकतात. त्याहून जास्त गमतीचं काही मी पाहिलेलं नाही. पण त्रास काय आहे, हे तिथे कुणी लपवत नाही. म्हणून तर हसता येतं.

तेव्हा ठरवलं, चित्र बदलायचं. पण लिनोचं असं आहे, की जे कोरून काढलं ते पांढरं, जे ठेवलं ते काळं. एकदा काढलेलं काळं परत भरता येत नाही. त्यामुळे जुना तुकडा बाजूला ठेवून नवा घेतलाय. यात कावळा गळ्यापर्यंत करड्या चिखलात आहे, खांद्यावर त्याचं गाठोडं, आणि चिमणीचं दार अर्धवट उघडं. चिमणी त्याला आत घेणार की नाही, हे मी ठरवलेलं नाही. भाच्याला काय वाटतं ते बघू.

चोच मात्र तशीच ठेवलीय. ती छानच जमली होती.

पहिली प्रत आत्याला. नाव सुलटं छापलं गेलं तर!