तारणहार नको, बोधिसत्त्व हवा

औरंगाबाद लेणी क्रमांक ७ मध्ये अवलोकितेश्वराचे भव्य शिल्प आहे. दोन्ही बाजूंना आग, दरोडेखोर, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती अशी संकटे कोरली आहेत. त्यांत सापडलेली माणसे त्याचा धावा करताहेत. ती भीती खरी होती, हे आम्ही नाकारत नाही. पण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये स्पष्ट सांगितले: बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत.

मग बाबासाहेबांना बोधिसत्त्व म्हणणारे आम्ही त्यांनाच तारणहार का करतो? प्रतिमेला हार घालून कोणाची वाट पाहतो? वस्तीत अत्याचार झाला, की गुन्हा नोंदवेपर्यंत पीडित कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात बसून राहणे, हीच आमच्या लेखी करुणा. धावा ऐकणारे आता आपणच आहोत.

जय भीम!