पासपोर्ट एकदाच दाखवायचा असतो!

मोमीनपुऱ्यातल्या एका घरी आम्ही उमऱ्याहून परतलेल्या खालाजानना मुबारकबाद द्यायला गेलो होतो. खजूर झाले, आबे-जमजम झाले. मक्केविषयी विचारले तेव्हा खालाजानचे डोळे भरून आले. परतीच्या प्रवासाविषयी विचारले तेव्हा मात्र त्या संतापल्या. "बेटा, काब्यापर्यंत कुठे अडले नाही. घर दोन तासांवर राहिले आणि तिथे अडले!"

हकिगत साधी आहे. चौदा जणांचा काफिला. जेद्दा ते मुंबई एक तिकीट आणि मुंबई ते नागपूर वेगळे तिकीट. मध्ये जेमतेम दोन तास. टूरवाल्याने सांगितले होते, "मुंबईत फक्त विमान बदलायचे आहे." फक्त! मुंबईला उतरल्यावर पासपोर्टची लांब रांग लागली. तिथून सुटल्यावर निम्म्या लोकांना वाटले, बॅगा आपोआप नागपूरला जातील. ते पट्ट्याकडे न बघता बाहेर आले. बाहेर आल्यावर कळले की बॅगा आतच फिरताहेत आणि आत जाण्याची वाट आता बंद आहे. विनवण्या करून बॅगा मिळाल्या, तर नागपूरच्या काउंटरवर वजन भरेना. परदेशच्या तिकिटावर चाललेले वजन देशातल्या तिकिटावर चालत नाही. तिथे साधारण पंधरा किलोंची मर्यादा असते, आणि जमजमचा पाच लिटरचा डबाच पाच किलोंचा! हा हिशेब होईतो विमान उडून गेले. रात्र खुर्च्यांवर काढून मंडळी दुसऱ्या दिवशी विदर्भ एक्स्प्रेसने, काही जण तर जनरल डब्यातून, नागपूरला पोहोचली.

या हकिगतीवर बैठकीत दोन प्रतिक्रिया उमटल्या. एक म्हणाला, "आपण मुसलमान, म्हणून हा त्रास." दुसरा म्हणाला, "अल्लाची मर्जी. सफर म्हटली की तकलीफ आलीच." आम्हाला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. पहिल्या उत्तराने खोटी तक्रार उभी राहते आणि त्यामुळे आमची खरी तक्रार दुबळी होते. दुसऱ्या उत्तराने टूरवाला सुटतो आणि दोष अल्लावर जातो.

आधी नियम समजून घेऊ. परदेशातून येणारा प्रवासी भारतात ज्या विमानतळावर प्रथम उतरतो, सर्वसाधारणपणे तिथेच त्याचे इमिग्रेशन आणि कस्टम्स होते. पुढे त्याला नागपूरला जायचे असो की पाटण्याला. त्याने पासपोर्टवर शिक्का घ्यायचा, पट्ट्यावरून आपली बॅग स्वतः उचलायची, हिरव्या किंवा लाल मार्गाने कस्टम्स ओलांडायचे, बॅग पुन्हा विमान कंपनीकडे सोपवायची आणि नव्याने सुरक्षा तपासणी करून घ्यायची. हा नियम राम आणि रहीम दोघांना सारखाच लागू आहे. अमेरिकेचा नियम तर याहून कडक आहे. तिथे केवळ विमान बदलून तिसऱ्या देशात जाणाऱ्यालाही पहिल्या विमानतळावर देशात रीतसर प्रवेश घ्यावा लागतो. म्हणजे या नियमात धर्म नाही. हे आपण आधी स्वच्छ मनाने मान्य करायला हवे.

जाताना हेच उलट होते. नागपूर-मुंबई हा देशांतर्गत प्रवास असल्याने देशाबाहेर जाण्याचा शिक्का मुंबईत बसतो. नागपूरहून शारजा आणि दोह्याची थेट विमाने सुरू झाली, तेव्हा त्या वाटेने जाणाऱ्यांचा शिक्का सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावरच बसू लागला. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर मधल्या विमानतळावर फक्त सुरक्षा तपासणी होते. त्या देशात शिरावे लागत नाही. तिकिटे तोडून काढली असतील, तर मात्र तिथेही बॅग घ्यायला बाहेर पडण्याची वेळ येऊ शकते आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. एका तिकिटाऐवजी दोन तिकिटे घेण्यात दोन-तीन हजार रुपये वाचतात. ते कोणाच्या खिशात जातात? आणि त्याची किंमत कोणाचे गुडघे मोजतात?

आमचा पहिला आरोप आमच्याच माणसांवर आहे. टूरवाल्यांच्या मेळाव्यांना आम्ही बसलो आहोत. एहराम कसा बांधायचा, तवाफ कसा, सई कशी, हे सगळे तिथे प्रेमाने शिकवतात, शिकवायलाच हवे. पण विमानतळाविषयी एक वाक्य नसते. जी बाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार आहे, तिला इमिग्रेशन, कस्टम्स आणि सुरक्षा ही तीन वेगळी खाती आहेत हे कोणी सांगत नाही. इमिग्रेशन गृहमंत्रालयाकडे, कस्टम्स अर्थमंत्रालयाकडे आणि बंदूकधारी जवान बहुधा सीआयएसएफचे. पहिला विचारतो, तू कोण? दुसरा विचारतो, काय आणलेस? तिसरा बघतो, विमानाला धोका नाही ना? हे माहीत नसलेला माणूस तिघांनाही 'पोलीस' समजतो आणि तिघांपुढेही सारखाच थरथरतो. त्याच्या थरथरण्याचा मग संशय येतो. अज्ञानाचे रूपांतर असे संशयात होते.

आणि जे थोडेफार छापून देतात ते उर्दूत! उर्दूशी आमचे वैर नाही. ती आमच्या घरातली लाडकी आहे. पण यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याच्या खेड्यांतला मुसलमान मराठी शाळेत शिकला आहे. त्याला दुकानाची पाटी मराठीत वाचता येते, सातबारा मराठीत कळतो, आणि त्याच्या हाती आपण त्याला न वाचता येणारा कागद देतो. सरकारही मुसलमान म्हटले की उर्दू असे धरून चालते आणि आपले पुढारीही. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला आता पस्तीस वर्षे उलटून गेली. मराठी ही आमचीही भाषा आहे हे आपण व्यासपीठावरून सांगत आलो. ते हाजींच्या माहितीपत्रकात कधी उतरणार?

दुसरा आरोप याहून कडू आहे. निघण्याच्या आदल्या रात्री हॉटेलवर एक गोड बोलणारा माणूस येतो. "भाईजान, एक छोटीशी अमानत आहे. मुंबईत आमचा माणूस घेऊन जाईल." पुडीत सोने असते. साध्याभोळ्या यात्रेकरूला 'अमानत' हा शब्द ऐकल्यावर नाही म्हणवत नाही. अरे, पैगंबरांना लोक 'अमीन' म्हणत, ते चोरटा माल पोहोचवून देत म्हणून का? सरकारचा कर बुडवणारी पुडी ही अमानत नव्हे, ती खियानत आहे. कायदाही स्पष्ट आहे. दागिन्यांची करमाफी वर्षभराहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्याला असते, पंधरा दिवसांच्या उमऱ्याहून येणाऱ्याला नाही. पकडला जातो तो पुडी वाहणारा. देणारा नामानिराळा राहतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव छापून येते ते आमचे. मग पुढच्या विमानातून उतरणाऱ्या प्रत्येक दाढीवाल्याची बॅग उघडली जाते. त्या पुडीची किंमत सगळा समाज मोजतो. या सोने-दलालांविरुद्ध जुम्याच्या बयानात बोलायला आपल्या मौलवींना कोणी अडवले आहे?

आता तिसरा आरोप, आणि तो समोरच्या टेबलावर. नियमात धर्म नाही, पण नजरेत असू शकतो. देशातल्या एका विमानतळावर आमच्या दोन बॅगा शेजारच्या सद्‌गृहस्थांच्या दोन बॅगांसारख्याच होत्या. त्यांना हाताने 'जा' अशी खूण झाली. आमचा पासपोर्ट पाहिला गेला, नाव वाचले गेले आणि बॅगा उघडल्या गेल्या. आत खजूर, तसबीह, मुलांची खेळणी. आम्ही मराठीत बोलताच अधिकारी प्रसन्न होऊन म्हणाले, "तुम्ही मराठी छान बोलता हो!" श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी 'योगसंग्राम' कोणत्या भाषेत लिहिला, हे त्यांना विचारावेसे वाटले. पण मागे रांग होती.

हा प्रश्न गरिबांपुरताही नाही. ऑगस्ट २००९ मध्ये शाहरुख खान नेवार्कला उतरला तेव्हा त्याला पुढे शिकागोला, भारताच्या स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाला जायचे होते. पहिल्याच विमानतळावर त्याला चौकशीसाठी थांबवले गेले. तो म्हणाला दोन तास. तिथले अधिकारी म्हणाले ६६ मिनिटे, आणि त्याची बॅग विमान कंपनीकडून हरवल्यामुळे उशीर झाला. घड्याळाचा वाद सोडून देऊ. ज्याला जग ओळखते त्याच्याही नावापाशी संगणक अडतो, तर मोमीनपुऱ्यातल्या शेख, पठाण, अन्सारीचे काय?

पण नजरेविरुद्ध लढायचे तर हातात कायदा हवा, नुसता राग पुरत नाही. कस्टम्स कायदा १९६२ चा आहे. त्याच्या कलम १०२ नुसार अंगझडतीपूर्वी आपल्याला राजपत्रित कस्टम्स अधिकाऱ्यापुढे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे, अशी मागणी करता येते. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची, हेही तिथेच लिहिले आहे. घरून दागिने घालून जाणाऱ्या बाईने निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले, तर परतताना तिच्याच बांगड्यांचा हिशेब तिला द्यावा लागत नाही. हे हक्क खालाजानना कोणी सांगितले? जो आपला हक्क जाणतो तो नम्रपणे बोलू शकतो. जो जाणत नाही तो एकतर गयावया करतो किंवा भांडतो, आणि दोन्हींत हरतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. टूरवाल्यांनी शक्यतो संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर द्यावा. तिकिटे तोडायचीच असतील तर यात्रेकरूला तसे लेखी सांगावे आणि मध्ये किमान पाच-सहा तास ठेवावेत. मुंबईत एक विमान सहारच्या इमारतीतून, दुसरे सांताक्रूझहून, आणि २०२५ च्या डिसेंबरपासून तर नवी मुंबईहूनही सुटू शकते. कोठून सुटते ते तिकिटावर लाल शाईने दाखवावे. हजच्या दिवसांत नागपूरहून थेट विमाने जातात आणि शिक्क्याचे, बॅगांचे सगळे काम नागपुरातच होते. मग उमऱ्यालाही अशी सोय मागणे हा विदर्भाचा हक्क आहे. हज कमिटीने आणि मशिदींनी विमानतळाचा एक तास आपल्या शिबिरात घालावा, आणि तोही मराठीत. आमच्या तरुणांनी एक पानभर मराठी पत्रक काढावे. चंदा मागू नका, छपाईचा खर्च आम्ही वाचक मिळून देऊ.

आणि टेबलामागच्या साहेबांना एवढेच सांगणे आहे. कायदा म्हणतो, देशात शिरताना पासपोर्ट दाखवायचा, शिक्का बसला की माणूस आपल्या घरचा प्रवासी झाला. तो आम्ही दाखवतो, आनंदाने दाखवतो. पण शिक्का बसल्यानंतर पुन्हा नजरेने, नावाने, भाषेने तो मागू नका. मुंबईहून नागपूरला जाणारा माणूस परदेशातून येत नसतो, तो घरी जात असतो.