पहिल्याच तपासणीत अडणाऱ्या गाड्या

जर्मनीत नव्या खासगी गाडीची पहिली सक्तीची तपासणी तिसऱ्या वर्षी होते. ‘ट्यूफ’ तपासणी संस्थांच्या २०२४ च्या अहवालात या वयाच्या गाड्यांमध्ये टेस्लाची ‘मॉडेल ३’ तळाला होती. तपासलेल्यांपैकी १४.७ टक्के गाड्यांत गंभीर दोष आढळले. २०२५ मध्येही तीच शेवटी राहिली; २०२६ च्या अहवालात ‘मॉडेल वाय’ने १७.३ टक्क्यांसह तो नकोसा मान पटकावला.

दोष बॅटरीचा नाही. गाड्या अडतात त्या ब्रेकच्या चकत्या, सस्पेन्शन आणि दिवे यांपाशी. विजेच्या गाडीत वेग कमी करण्याचे बरेचसे काम विद्युत मोटरच करते. चकत्या फारशा घासल्या जात नाहीत आणि गंजतात. त्यातच ठरावीक मुदतीच्या सर्व्हिसिंगचे बंधन नसल्याने गंज दिसतो तो थेट तपासणी केंद्रात. अर्थात सरसकट विजेच्या गाड्यांना बोल लावणे अन्यायाचे. ‘मिनी कूपर एसई’ त्याच यादीत बरीच वर आहे.

‘मॉडेल वाय’ची विक्री जुलै २०२५ मध्ये मुंबईतही सुरू झाली. आपल्याकडे मात्र खासगी गाडीची योग्यता तपासणी नोंदणीची १५ वर्षे संपताना होते. तोवर ती हातोहात विकली गेली, तर किनाऱ्यावरच्या दमट हवेत चकत्यांचे काय झाले, हे चाक काढून पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याचीच.