पेपर झाल्यावर सांगू

"पेपर झाल्यावर सांगू." हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांच्या घरी हे वाक्य किती वेळा उच्चारलं जात असेल, देव जाणे. आजी आजारी आहे, पेपर झाल्यावर सांगू. बाबांची नोकरी गेली, पेपर झाल्यावर सांगू. आपल्याकडे तर सबमिशन, ओरल, पीएल, पेपर आणि मग केटीचे पेपर असं वर्षभर काही ना काही चालूच असतं, त्यामुळे सांगण्याजोगा दिवस उगवणं कठीणच! घरच्यांचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल वाद नाही. तरीही या प्रथेविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत. कारण काही आजार पेपर संपेपर्यंत थांबत नाहीत.

माझ्या वडिलांना ग्लायोब्लास्टोमा झाला होता. मोठ्या माणसांना मेंदूचे जे कॅन्सर होतात त्यातला हा सर्वांत आक्रमक. नोव्हेंबर २०२३ मध्ये निदान झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. वय ५३. तालुक्याच्या बाजार समितीत ते हिशोबनीस होते. क्विंटल, हमाली, तोलाई, कपात हे सगळं तोंडी. कॅल्क्युलेटर वापरणाऱ्याला ते हसायचे. त्या वर्षी गणपतीपासून त्यांच्या बेरजा चुकू लागल्या. 'किल्ली' म्हणायचं असेल तर 'चष्मा' म्हणायचे आणि आपण हसलो की चिडायचे. घरच्यांना वाटलं बीपी असेल, ऑफिसातलं टेन्शन असेल. मग दिवाळी उरकून मी हॉस्टेलवर परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना पहाटे फिट आली, आणि एमआरआयमध्ये डाव्या कानाच्या वरच्या बाजूला लिंबाएवढी गाठ दिसली.

मला हे कळलं तेव्हा ऑपरेशन होऊन अकरा दिवस झाले होते. एस.ई.चे पेपर चालू होते ना! त्या काळात घरून रोज फोन यायचा, पण व्हिडिओ कॉल बंद. "इकडे रेंज नाही रे." रेंज होती. डोक्याला बँडेज होतं.

आता मुद्द्याकडे येतो. फिट आल्यापासून ऑपरेशनपर्यंत नऊ दिवस मिळाले होते. गाठीभोवतीची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात, आणि त्याने एक-दोन दिवसांत पेशंट चक्क बरा झाल्यासारखा वाटतो. बाबांचंही तसंच झालं. डोकं दुखायचं थांबलं, शब्द परत आले. त्या नऊ दिवसांत ते सगळ्यांशी बोलले. मामांना एलआयसीचे कागद कुठे आहेत ते सांगितलं, कोणाकडून किती उसने येणं आहे ते सांगितलं, आत्याशी दहा वर्षांचा अबोला होता तोही सोडला. आणि माझ्याबद्दल म्हणाले, "त्याला उगाच बोलवू नका, पेपर बुडतील." हे वाक्य आई मला आजही पुरावा म्हणून ऐकवते. पण बाबांना तरी खरं काय ते कुठे माहीत होतं? त्यांना सांगितलं होतं, रक्ताची छोटी गुठळी आहे, काढली की झालं. गुठळीसाठी मुलाचे पेपर कोण बुडवेल? म्हणजे एक गोष्ट लपवली म्हणून दुसरी लपवणं सोपं गेलं. ऑपरेशननंतर त्यांची वाचा जी गेली ती नीट कधी परत आली नाही. मी गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि "ते… ते… हे…" एवढंच. आकडे मात्र बरेच दिवस टिकले. किती दुखतंय विचारलं की दहापैकी किती ते बोटांनी दाखवायचे!

लपवण्याच्या बाजूने लोक म्हणतात, कॅन्सर म्हटलं की माणूस निम्मा तिथेच खचतो. इतर कॅन्सरबद्दल मी बोलणार नाही. पण हा आजार वेगळा आहे, आणि तो का वेगळा आहे ते इंजिनिअरिंगच्या मुलांना समजायला हरकत नाही. याला स्टेज नसते, ग्रेड असते, आणि निदान होतं तेव्हाच ती चौथी असते. तो सहसा मेंदूच्या बाहेर पसरत नाही, पण आतल्या आत भिंतीतल्या ओलीसारखा झिरपतो. ओल जिथे दिसते तिथला गिलावा तुम्ही खरवडू शकता, पण पाणी विटांमधून केव्हाच पुढे गेलेलं असतं. १९२८ साली वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने अशा गाठींसाठी मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून टाकल्याची नोंद केली आहे. तरीही आजार परत आला. औषधांचं म्हणाल तर रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं याची शरीरात एक कडक चाळणी असते, त्यामुळे बरीचशी औषधं गाठीपर्यंत नीट पोचतच नाहीत. त्यातून पोचणारं एक म्हणजे टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल. सहा आठवडे किरणोपचार (आमच्या गावाकडे याला 'शेक' म्हणतात), सोमवार ते शुक्रवार असे ३० वेळा, सोबत रोज कॅप्सूल, आणि पुढे दर २८ दिवसांत पाच दिवस कॅप्सूल. हीच पद्धत आजही पायाभूत मानतात. ५७३ रुग्णांवरचा जो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात नुसत्या किरणोपचाराने मध्यक आयुष्य १२.१ महिने होतं, कॅप्सूल जोडल्यावर १४.६ झालं. फरक अडीच महिन्यांचा! अलीकडे डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून २०० किलोहर्ट्झच्या विद्युतक्षेत्राने पेशींच्या विभाजनात अडथळा आणण्याचं यंत्रही निघालं आहे (इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी जरूर वाचावं), पण ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पैसा असूनही फार काही होत नाही म्हणा. अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅक्केन यांचं निदान जुलै २०१७ मध्ये झालं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते गेले.

मध्यक म्हणजे मुदत नव्हे, हे मॅथ्स थ्री शिकलेल्याला सांगायला नको. अर्धे लोक त्याच्या पुढे जातात, काही थोडे पाच-पाच वर्षंही जगतात. पण माझा मुद्दा आयुष्याच्या लांबीचा नाहीच. हा आजार माणसाचा जीव घेण्याआधी बरेचदा त्याची भाषा घेतो, समज घेतो, स्वभावसुद्धा बदलतो. ज्याला विचारून निर्णय घ्यायचे तोच माणूस सगळ्यात आधी हळूहळू निघून जातो. म्हणून 'पुढे सांगू' या शब्दांना इथे अर्थच राहत नाही.

शेवटच्या डिसेंबरात एका रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरांनी आईला आयसीयूच्या दाराशी बोलावून विचारलं, व्हेंटिलेटर लावायचा का? आईने माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे पाहिलं. बाबांची इच्छा काय होती हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्यांना तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत थोडी सोपी केली. पण ते लिहायला शुद्धीवरचा, समजणारा माणूस लागतो, आणि आपल्याला काय झालंय हे त्याला माहीत असावं लागतं. आम्ही "नको" म्हणालो. बरोबर केलं असं मला वाटतं. आईला अजून तसं वाटत नाही.

"तू येऊन काय करणार होतास?" हा आईचा आवडता प्रश्न. बरंच काही, असं माझं उत्तर आहे. स्टेरॉइडने भूक इतकी वाढते की बाबा रात्री दोनला भाकरी मागायचे, आणि झोप म्हणाल तर नाहीच. आई चौदा महिने तुटक-तुटक झोपली. शनिवार-रविवारची रात्र मी घ्यायला लागल्यावर तिला पहिल्यांदा सलग सहा तास झोप मिळाली. गोळ्यांचा तक्ता मी एक्सेलमध्ये केला: फिटची सकाळ-रात्र, स्टेरॉइड जेवल्यावर, कॅप्सूल मात्र उपाशीपोटी. दुसऱ्या मतासाठी परळला टाटा हॉस्पिटलमध्ये रिपोर्ट घेऊन मी गेलो. तिथेही उपचार तेच सांगितले, पण आमच्या मनाची शांती झाली. किरणोपचारासाठी चेहऱ्याचा प्लास्टिकचा मुखवटा करतात, गरम पाण्यात मऊ करून तोंडावर बसवतात आणि टेबलाला अडकवतात. बाबा त्याला घाबरायचे. थर्मोप्लास्टिक म्हणजे काय हे मी त्यांना बाटलीचं झाकण गरम करून दाखवलं, मग जरा बरं वाटलं. आणि हो, भेटायला येणारे! कोणी म्हणे मोबाईलमुळे झालं, कोणी म्हणे कुलदैवताचं राहिलं, कोणी गोमूत्राची बाटली ठेवून गेलं. मोबाईलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात त्याचा मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. या पाहुण्यांना चहा देऊन वाटेला लावणं हेही एक कामच होतं, आणि आईला ते जमत नव्हतं.

यात माझे दोन विषय राहिले. ते पुढच्या वर्षी निघाले. त्या नऊ दिवसांसाठी मी आणखी दोन राहू दिले असते.

आता थोडं आपल्या कॉलेजबद्दल, शिक्षकांनी रागावू नये. आपल्याकडे हजेरीत सूट मिळते ती स्वतःच्या मेडिकल सर्टिफिकेटवर. वडिलांच्या आजारपणासाठी गैरहजर राहिलेला मुलगा डिफॉल्टरच्या यादीत जातो. परिणाम काय होतो? मुलं डॉक्टरकडून स्वतःच्या काविळीचं खोटं सर्टिफिकेट आणतात. खरं कारण सांगून सूट मिळत नाही आणि खोटं सांगून मिळते, हा नियम बदलायला हवा. बाकी आमच्या वर्कशॉपच्या सरांनी शनिवारची प्रॅक्टिकल्स मला बुधवारी करू दिली, कागदावर काहीही न मागता. पण नियम असला म्हणजे मुलाला चांगल्या सरांच्या शोधात फिरावं लागत नाही.

घरच्यांची सवय मात्र नियमाने जाणार नाही. गेल्या टर्मला आईने मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं आणि मला कधी सांगितलं? ओळखा!

म्हणून एक साधी सूचना करतो. हॉस्टेलच्या प्रवेश फॉर्मवर रक्तगट, पालकांचा फोन असे रकाने आहेतच. त्यात आणखी एक घालावा: 'घरी कोणी गंभीर आजारी पडल्यास मला केव्हा कळवावे – ताबडतोब / परीक्षेनंतर.' खाली विद्यार्थ्याची सही आणि पालकांचीही सही. ज्याला परीक्षेनंतर हवं त्याने तसं लिहावं, त्यातही गैर काही नाही. पण ठरवू दे त्याला. निदान त्या निमित्ताने जूनमध्ये, सगळे धडधाकट असताना, घरात हा विषय एकदा तरी निघेल. रेक्टर सरांशी मी बोललो आहे. ते म्हणाले, मुलांच्या सह्यांनिशी लेखी द्या, समितीपुढे ठेवतो. अर्ज तयार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी रात्री मेस झाल्यावर बी ब्लॉक, खोली नंबर ११४ मध्ये यावं.