नकाशाआधी बांध

माझे वडील भूकरमापक होते. घरातल्या कोनाड्यात त्यांची शंकू साखळी असायची. ३३ फुटांची, १६ आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब मी पाढ्यांबरोबरच पाठ केला. पुढे जिओइन्फर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. केली. त्या दोन वर्षांत साखळीचं नाव एकदाही निघालं नाही.

हा विषय मला मनापासून आवडतो. ७८ अंश पूर्व रेखांशावर आपल्या राज्याचे दोन पट्टे पडतात, पुणे त्रेचाळिसाव्या यूटीएम पट्ट्यात तर नागपूर चव्वेचाळिसाव्या, हे कळलं तो दिवस मला अजून आठवतो. पृथ्वीचा गोल कागदावर आणताना कुठे काय ताणलं जातं, हे विद्यापीठाने मला उत्तम शिकवलं. शेतात नेलं नाही, एवढंच.

प्रकल्पासाठी मी एका गावाचा गट नकाशा घेतला. घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला. तो स्कॅन केला, देऊळ, रस्त्यांचे तिठे, शिवेचे दगड धरून उपग्रहचित्रावर बसवला. चूक मर्यादेत होती, गुणही चांगले मिळाले. निकालानंतर तो नकाशा घेऊन मी त्या गावी गेले. एका आजींनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मला थेट बांधावर नेलं. "पोरी, ओढा इथं कुठं हाय? पुरात तो तिकडं सरकला. ती बाभळीची रांग दिसतीय का, तिच्याखालनं जातोय आता." उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रात मला फक्त बाभळी दिसल्या होत्या. कागदावर हद्द जुन्या ओढ्याची, वहिवाट नव्या ओढ्याची आणि मधल्या पट्टीवरून दोन घरांचं बोलणं बंद. माझ्या फाइलीत तिथे एक निळी रेघ होती.

वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हद्द दाखवली कुणी? सही घेतलीस का?"

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि भूमाहितीवरचे निर्बंध बरेच सैल केले. स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन फिरले. क्यूजीआयएस फुकट मिळतं, त्यामुळे सॉफ्टवेअर महाग असल्याची सबबही राहिली नाही. आता कमी आहेत ती सातबारा, टिपण आणि फाळणी वाचू शकणारी, बांधावर उभं राहून ऐकून घेणारी मुलं. ती घडवणं हे विद्यापीठाचंच काम आहे. इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन मोजणीची जी घडी बसवली, तिच्याच कागदांवर आपल्या शेतांच्या हद्दी आजही उभ्या आहेत. तो इतिहास अभ्यासक्रमात एका तासाचाही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. एक पूर्ण सत्र एका तालुक्यात काढावं, भूकरमापकांच्या सोबतीने, आणि त्यात पावसाळा आलाच पाहिजे. ओढा तेव्हाच दिसतो. प्राध्यापक अपुरे आहेत, प्रवासाला पैसे नाहीत, हे मला मान्य आहे. मग सॉफ्टवेअरचा एक पेपर कमी करा. त्यातली बटणं दर आवृत्तीला बदलतात, मुलं ती नोकरीतही शिकतील. आणि प्रकल्पाच्या अहवालात शेवटच्या पानावर खातेदारांच्या सह्यांचा रकाना ठेवा.