तोरणाआडचा नंबर

मंडळी, गेल्या दिवाळीतली गोष्ट. बाबा भारतातून आले होते. रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं, आम्ही ९११ फिरवला. अँब्युलन्स सहा मिनिटांत आमच्या गल्लीत हजर, आणि चार घरं पुढे निघून गेली! दारावरच्या नंबरावर आम्हीच हौसेनं लावलेलं झेंडूचं तोरण लोंबत होतं. बाबा आता ठणठणीत आहेत, पण ती दोन मिनिटं आम्ही विसरलो नाही.

गल्लीपर्यंत गाडी इतक्या लवकर येते कशी? डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली सर्वात जवळचा रस्ता शोधायची रीत प्रसिद्ध केली. वाट शोधणारे कितीतरी प्रोग्रॅम आजही त्याच पायावर उभे आहेत. फक्त मैलांऐवजी मिनिटं मोजायची. मग रस्त्याचं खोदकाम, शाळा सुटायची वेळ, सगळं हिशेबात येतं आणि लांबचा हायवेच कधीकधी जवळचा ठरतो. अनेक शहरांत गाडीवरचा खास दिवा किंवा जीपीएस पुढच्या सिग्नलला आधीच वर्दी देतो, अन् तो हिरवा होतो.

शेवटचे पन्नास फूट मात्र आपल्या हातात. नंबर मोठा, रात्री दिसेल असा लावा. फोन केल्यावर बाहेरचा दिवा लावा, जमलं तर एकानं रस्त्यावर उभं राहा. आणि मागून सायरन आला की गाडी उजवीकडे घेऊन थांबा. आत कुणाचे तरी बाबा असतात.

आमचं तोरण यंदाही लागणार आहे. फक्त वीतभर वर!